पेपर स्प्रे घेताय? सरावाचाही खर्च धरा

पर्समध्ये पेपर स्प्रे बाळगणाऱ्या मुलींना एकदा विचारून पाहा, तो कधी मारून पाहिलाय का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच येते. झाकण कोणत्या बाजूला सरकते, बटण किती जोर लावल्यावर दबते, त्यातून सरळ धार निघते की फवारा पसरतो, तो किती लांब पोहोचतो, यातले काहीच माहीत नसते. डबी घेतली, पर्समध्ये टाकली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि विषय तिथेच संपला.

भारतात साधा पेपर स्प्रे साधारण २०० ते ५०० रुपयांत मिळतो. तो वापरायला शिकण्याचा खर्चही जवळपास तेवढाच येतो. हा दुसरा खर्च टाळला तर पहिले पैसे बहुतांशी वाया गेले असे माझे स्पष्ट मत आहे. घाबरलेल्या माणसाची बोटे नवे काही शिकत नाहीत. आधी जे हजारदा केले असेल तेवढेच ती करतात. म्हणून हा लेख डबीबद्दल कमी आणि सरावाबद्दल जास्त आहे.

अमेरिकेत या सरावासाठी वेगळा कॅन विकत मिळतो. आकार, वजन, झाकण, बटण, आतला दाब सगळे खऱ्या स्प्रेसारखे, फक्त आत तिखट नाही. मिरचीच्या अर्काऐवजी पाण्यासारखे निरुपद्रवी द्रावण असते. ‘सेबर’सारख्या तिथल्या मोठ्या कंपन्या असे सरावाचे कॅन सुटे विकतात, काही संचांत ते खऱ्या स्प्रेसोबतच येतात. किंमत साधारण ८ ते १५ डॉलर. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलीसाठी हा खर्च जरूर करावा. एकच पथ्य पाळा: सरावाचा कॅन खऱ्या स्प्रेच्याच कंपनीचा आणि त्याच प्रकारचा घ्या. झाकण वर उचलून उघडणाऱ्या कॅनवर सराव केला आणि प्रत्यक्षात बटण फिरवून उघडणारा कॅन हातात आला, तर केलेला सराव उलट आडवा येतो.

आपल्याकडे दुकानांत असा बिनतिखटाचा कॅन सहजासहजी मिळत नाही. परदेशातून मागवायचे म्हटले तर दाबाखालच्या डब्याची पाठवणी, सीमाशुल्क आणि विलंब धरून हिशेब जुळत नाही. येणाऱ्या नातेवाइकाला बॅगेतून आणायलाही सांगू नका. आत पाणी आहे हे विमानतळावरच्या तपासनिसाला बाहेरून कळत नाही आणि खरा पेपर स्प्रे विमानात चालत नाही. त्यामुळे आपल्याला घरातल्या आणि बाजारातल्या साध्या वस्तूंवर भागवावे लागेल, आणि ते छान भागते.

घरच्या घरी, जवळपास फुकटात

करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या सॅनिटायझरच्या लहान फवारा-बाटल्या आठवा. वरून दाबायचे बटण, मुठीत मावणारा आकार. अशी एक रिकामी बाटली स्वच्छ धुऊन पाण्याने भरा. तिचा फवारा दोन फुटांपलीकडे जात नाही, पण नेम शिकायला ती नाहीच. ती आहे बाहेर काढण्याच्या सरावासाठी. पर्समधून, जॅकेटच्या खिशातून, कॉलेजच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून डबी काढायची, मूठ वळून धरायची, अंगठा बटणावर ठेवायचा. तर्जनीने दाबण्यापेक्षा अंगठ्याने दाबावे, कारण चारही बोटांची पकड डबीवर घट्ट राहते आणि झटापटीत ती हिसकावून घेणे अवघड जाते. खर्च शून्य.

नेमासाठी दुसरी बाटली लागते. काचा पुसायच्या द्रवाची किंवा झाडांवर पाणी मारायची, पुढचे तोंड फिरवून सरळ धार करता येते अशी. नवी घेतली तरी ४० ते १०० रुपये. वाण्याकडून एक मोठे पुठ्ठ्याचे खोके मागून आणा. त्यावर जाड पेनाने चेहरा काढा आणि डोळ्यांच्या जागी एक आडवा पट्टा ओढा. खोके भिंतीला टेकवून पट्टा उंच पुरुषाच्या डोळ्यांच्या पातळीला येईल असे लावा. खाकी पुठ्ठ्यावर पाणी पडले की डाग लगेच गडद दिसतो, त्यामुळे धार कपाळावर गेली की हनुवटीवर हे तिथल्या तिथे कळते. खोके वाळले की पुन्हा वापरता येते.

दाबाखालच्या डब्याची सवय हवी असेल तर वाढदिवसाला रंगीत रिबन उडवणारा पार्टी स्प्रे हा एक स्वस्त पर्याय आहे. ४० ते ८० रुपयांत मिळतो, बटण वर असते, धार सरळ निघते. मात्र यातले बरेच डबे ज्वालाग्राही असतात. तेव्हा उघड्यावर, गॅस-शेगडी, देवापुढचा दिवा आणि सिगारेट यांपासून लांब, आणि फक्त खोक्यावर. माणसाच्या चेहऱ्यावर कधीही नाही.

याखेरीज दोन लहान खर्च न चुकवण्यासारखे आहेत. हार्डवेअरच्या दुकानातला साधा सुरक्षा चष्मा, ६० ते १५० रुपये, समोर उभ्या राहणाऱ्या जोडीदारासाठी. आणि इलेक्ट्रिकवाल्याकडची निळी चिकटपट्टी, १५-२० रुपये. सरावाच्या प्रत्येक डबीवर ही पट्टी गुंडाळा आणि ती डबी खऱ्या स्प्रेपासून वेगळ्या कप्प्यात ठेवा. या सगळ्या प्रकारात सर्वांत मोठा धोका अदलाबदलीचा आहे. सरावात मैत्रिणीच्या तोंडावर खरा स्प्रे जाणे वाईट, आणि रात्री रस्त्यावर हातात पाण्याची बाटली निघणे त्याहून वाईट.

जुना, मुदत संपलेला स्प्रे या घरच्या सरावाला वापरू नका. मुदत संपते म्हणजे मुख्यतः आतला दाब आणि फवाऱ्याचा जोर कमी होतो. तिखट तसेच राहते. तसेच रिकामा कॅन भोसकून त्यात पाणी भरण्याचा खटाटोपही नको. ते डबे पुन्हा भरण्यासाठी बनवलेले नसतात.

सराव नेमका कशाचा

पहिले काही दिवस फक्त डबी बाहेर काढा. डोळे मिटून, मग दिवा घालवून, कारण गरज पडेल तेव्हा बहुधा अंधारच असेल. खऱ्या स्प्रेचे झाकण बोटांनी चाचपून ओळखता यायला हवे: तोंड कुठे, बटण कुठे, आपल्याकडे वळलेले तर नाही ना. (हे चाचपणे खऱ्या डबीवर करताना बटण दाबू नका.) पुण्यात दुचाकीवर फिरणाऱ्या मुलींनी स्कार्फ, हातमोजे आणि हेल्मेट घालून हे करून पाहावेच. जाड हातमोज्यात अंगठ्याला बटण लागत नाही असे लक्षात आले तर मोजा बदला किंवा डबी बदला. स्कूटरच्या डिकीत ठेवलेला स्प्रे नसल्यातच जमा. पावसाळ्यात एका हातात छत्री असते, रेनकोटच्या आत पर्स असते. त्या दिवसांसाठी डबीची जागा वेगळी ठरवावी लागते.

मग नेम. सहा ते दहा फुटांवरून खोक्याच्या डोळ्यांच्या पट्ट्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवी धार मारायची, अर्धा ते एक सेकंद, आणि लगेच थांबायचे. लहान डबी सलग दाबून धरली तर काही सेकंदांत रिकामी होते. म्हणून सवय तुटक फवाऱ्याचीच लावा. धार मारताच एक पाऊल बाजूला सरकायचे, कारण डोळे मिटलेला माणूसही ज्या दिशेने येत होता त्याच दिशेने पुढे येत राहतो. सोबत मोठ्याने ओरडायचे. ‘मागे हो’, ‘वाचवा’, काहीही, पण पोटातून. आपल्याकडच्या कितीतरी मुलींना स्प्रेपेक्षा हे ओरडणेच जास्त जड जाते. लहानपणापासून आवाज खाली ठेवायला शिकवलेले असते. सरावात शेजारी काय म्हणतील याची पर्वा करू नका. हवे तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, त्यांच्या मुलीही येतील.

हे जमले की जोडीदाराच्या हातात खोके द्या. चष्मा घालून, खोके चेहऱ्यासमोर धरून त्याने दहा फुटांवरून झपाझप तुमच्याकडे चालत यायचे. तुमची डबी पर्समध्ये, चेन बंद. करून पाहिलेत की कळेल, तुम्ही चेन उघडेपर्यंत तो तुमच्यापाशी पोहोचलेला असतो. माझ्या मते सगळ्या सरावातून शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच. स्प्रे संकट आल्यावर काढायचा नसतो. सुनसान वाहनतळ, बंद पडलेले पथदिवे, मागून येणारी पावले, एवढे जाणवले की डबी हातात हवी, ओढणीखाली, खिशात हात घालून, कुणाला न दिसता. ही गोष्ट सांगून पटत नाही, खोके अंगावर आले की पटते.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पुरतात. नंतर महिन्यातून एकदा उजळणी.

एक खरा फवारा

पाण्यावर हात बसला की खऱ्या स्प्रेचे दोन कॅन घ्या, एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे. एक बाळगायला, एक मारून पाहायला. यासाठीचे २०० ते ५०० रुपये हीच सरावाची खरी फी. हॉस्टेलच्या किंवा सोसायटीतल्या चार-पाच जणींनी मिळून सरावाचा एक कॅन घेतला तर प्रत्येकीला सव्वाशेपेक्षा जास्त पडत नाही, आणि एकेका सेकंदाचे फवारे सगळ्यांच्या वाट्याला येतात.

जागा मोकळे मैदान किंवा गावाबाहेरचे शेत. गच्ची नको, खालच्या खिडक्यांत वास उतरतो. वारा पाठीवर घ्या. चिमूटभर माती सोडून वाऱ्याची दिशा पाहून मगच मारा. दमा असलेले, गरोदर बाया आणि मुले यांना नेऊ नका. एक फवारा मारला की वाऱ्याच्या उलट बाजूला चालत जा. कॅनच्या तोंडाशी अर्क चिकटून राहतो, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्याला हात लावू नका.

स्प्रे बारीक धुक्यासारखा पसरणारा आहे की धारेचा, हे लेबलवर नीट लिहिलेले नसले तरी इथे लगेच कळते. धुके नेमाला सोपे, पण वारा फिरला की स्वतःवरच येते. धार लांब जाते, वाऱ्याला कमी जुमानते, पण नेम चोख लागतो. उघड्यावर, दुचाकीवर फिरणाऱ्यांनी धार किंवा जेल घ्यावे असे मी सुचवेन.

बंद जागेत काय होते हे सगळ्या देशाने पाहिलेले आहे. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगण विधेयकाच्या गदारोळात खासदार लगडपाटी राजगोपाल यांनी लोकसभेत पेपर स्प्रे मारला. एवढे मोठे सभागृह, तरी सदस्य खोकत, डोळे पुसत बाहेर पडले आणि काही खासदारांना रुग्णालयात न्यावे लागले. लिफ्ट, रिक्षा, लोकलचा गच्च भरलेला महिला डबा या जागा त्यामानाने किती लहान. तिथे फवारा मारणारीच्याही डोळ्यांत जाणार हे धरूनच चालावे आणि दार कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहून ठेवावे.

स्वतःच्या डोळ्यांत गेलेच तर काय करायचे याचाही कोरडा सराव करा. चोळायचे नाही. पापण्यांची भराभर उघडझाप करायची. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर हात धुऊन काढायच्या. गार वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटे डोळे धुवायचे. कातडीवरचा अर्क तेलकट असतो, नुसत्या पाण्याने सुटत नाही, तिथे साबण किंवा लहान मुलांचा शाम्पू लावायचा. तूप, तेल, मलम मुळीच नाही. त्रास साधारण अर्ध्या-पाऊण तासात ओसरू लागतो. श्वासाला अडचण वाटली तर वाट न पाहता डॉक्टरकडे.

लेबल वाचताना

जाहिरातींत तिखटपणाचे लाखांतले आकडे मोठ्या अक्षरांत असतात. हे मोजमाप विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये काढले. आसामकडच्या भूत जोलोकियाची २००७ मध्ये गिनेस बुकात नोंद झाली ती १०,०१,३०४ स्कोव्हिल एककांची. पण स्प्रेच्या डबीवरचा आकडा बरेचदा आत घालण्यापूर्वीच्या मूळ अर्काचा असतो. द्रावणात मिसळल्यावर त्याचा जोर किती उरला हे त्यावरून कळत नाही. त्या आकड्यासाठी शंभर रुपये जास्त मोजण्यापेक्षा बटण कसे आहे, चुकून दाबले जाऊ नये म्हणून काय सोय केली आहे आणि उत्पादनाची तारीख काय, हे पाहा. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन किंवा माप, उत्पादनाचा महिना व वर्ष, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापणे वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. यातले काही नसेल तर तो कॅन घेऊ नका. मुदत उलटलेला माल हाती आला आणि तो परत घ्यायला विक्रेता तयार नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ऑनलाइन घेतला असेल तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

डबी उन्हात तापलेल्या गाडीत किंवा शेगडीजवळ ठेवू नका. मुदत मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. दर दोन-तीन वर्षांनी नवा कॅन हा खर्च धरला तर महिन्याला वीस-एकवीस रुपयांच्या वर जात नाही. नवा आला की जुना मैदानात मारून संपवायचा, म्हणजे उजळणीही होते.

वर्ग लावावा का

केवळ स्प्रेसाठी नाही. पण धक्का देऊन सुटणे, हात सोडवून घेणे हे बाटलीवर शिकता येत नाही, त्यासाठी माणूसच हवा. कराटे-ज्युदोच्या वर्गांची फी शहरांत महिन्याला साधारण ५०० ते १५०० रुपये असते, शनिवार-रविवारच्या कार्यशाळा ५०० ते २००० रुपयांपर्यंत. पैसे भरण्यापूर्वी विचारा, पेपर स्प्रेचा सराव घेता का, कशावर घेता, बटण प्रत्येकीला स्वतः दाबायला मिळते का? नुसते दाखवून मोकळे होणाऱ्या वर्गाला या कारणासाठी पैसे देऊ नयेत. सरकारी शाळांतल्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेखाली राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण तीन महिने मोफत असते. आपल्या शाळेत ते चालते का हे पालकांनी मुख्याध्यापकांना जरूर विचारावे. पोलीस ठाण्यांच्या आणि महिला मंडळांच्या मोफत शिबिरांवरही लक्ष ठेवा.

कायदा

पेपर स्प्रे बाळगायला आपल्याकडे परवाना लागत नाही. पण तो कुठेही, कुणावरही मारायची मोकळीक नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात आणि त्यातलेच कलम ३७ गरजेपेक्षा जास्त इजा करता येणार नाही असेही सांगते. २०२४ मध्ये मालमत्तेच्या वादातून सुरक्षारक्षकावर पेपर स्प्रे मारल्याच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. जिवाला तसा तातडीचा धोका नसताना मारलेला स्प्रे हे स्वसंरक्षण नव्हे आणि तो धोकादायक शस्त्र ठरू शकतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणून वादावादीत, वाहतुकीच्या भांडणात तो काढायचा नाही. खरोखर वापरावा लागला तर सुरक्षित जागी पोहोचताच ११२ वर फोन करून काय झाले ते स्वतःहून कळवा.

परदेशी जाणाऱ्या मुलींनी हा स्प्रे इथून नेऊ नये. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांत तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इन सामानातही नाही. ब्रिटनमध्ये तो जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे, कॅनडातही माणसांवर वापरायच्या स्प्रेला बंदी आहे. अमेरिकेत मिळतो, पण राज्यागणिक नियम बदलतात. न्यूयॉर्क राज्यात तो परवानाधारक औषधविक्रेत्याकडून किंवा शस्त्रविक्रेत्याकडून समक्षच घ्यावा लागतो. विद्यापीठाचे नियम याखेरीज वेगळे, ते प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावेत.

राहिला रिकाम्या डब्यांचा प्रश्न. हे डबे ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात सोडू नका. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायांच्या डोळ्यांत उरलेला अर्क उडू शकतो. घरगुती घातक कचऱ्यात, जुन्या बॅटऱ्या आणि मुदत संपलेल्या औषधांसोबत, वेगळ्या पिशवीत बांधून, वर ‘पेपर स्प्रे’ असे मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि पिशवी नेणाऱ्या बाईंना तोंडीही सांगा.